यंत्र हळू चालते, मंग संदेश बिघडते काहून?

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले की पाण्याखालच्या संदेशांवर मी काय काम करते, ते एकदा सांगून होतं. पुढचा प्रश्न ठरलेला: 'पाण्यातलं यंत्र माणसाच्या चालीनं चालते म्हणतेस, मंग संदेश बिघडते काहून? आपला मोबाईल तं धावत्या एसटीतही चालते.'

प्रश्न रास्त आहे. मोबाईलच्या रेडिओलहरी सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातात. त्यांच्यापुढे ताशी 90 किलोमीटरची एसटी म्हणजे सुमारे सव्वा कोटीत एक हिस्सा. पण समुद्राच्या पाण्यात या लहरी काही सेंटिमीटरांतच विरतात, म्हणून तिथे आवाजावर भागवावं लागतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 1500 मीटर. यंत्र सेकंदाला दीड मीटर सरकलं की हिशेब थेट हजारात एकवर येतो. यंत्र हळू आहे खरं, पण आवाज तरी कुठे फार वेगवान?

हजारात एक किरकोळ वाटतं. पण यंत्र जवळ येत असेल, तर 10,000 हर्ट्झचा सूर 10,010 होतो आणि 15,000 चा 15,015. सगळे सूर सारखेच सरकले असते तर एक वजाबाकी करून मोकळे झालो असतो. इथे अख्खा संदेशच आकसतो. म्हणून आधी तो ताणून मूळ लांबीवर आणायचा.

खरी कटकट त्यानंतर. झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात करत भोंग्याची गाडी फिरते, ती आठवा. गाडी तुमच्यापासून लांब जाताना थेट येणारा आवाज किंचित उतरतो. पुढच्या शाळेच्या भिंतीवर आपटून येणारा मात्र किंचित चढलेला असतो. निवेदक एकच, पट्ट्या दोन! समुद्रात भिंतीच्या जागी तळ आणि पृष्ठभाग, त्यातही पृष्ठभाग लाटांबरोबर स्वतःच हलणारा. एका वाटेच्या आवाजाला बसेल इतकं ताणलं की दुसऱ्या वाटेचा बिघडतो.

तेव्हा कुठल्या वाटेनं आलेला आवाज किती उशिरा, किती क्षीण आणि किती आकसून आला, हे शोधणं हे आमचं काम. त्यासाठी संदेशात ठरल्या जागी आधीच माहीत असलेली चिन्हं पेरतात, त्यांना पायलट म्हणतात. पाठवलं काय नि पोचलं काय, हे ताडून वाटा काढायच्या. ठळक वाटा बहुतेकदा मोजक्याच असतात, त्यामुळे थोड्या पायलटांवरही निभतं. पण पाणी हलतं, यंत्र सरकतं, आणि काढलेला अंदाज बघता बघता शिळा होतो. पायलट वाढवावेत, तर मजकुराची जागा जाते. कागदावर वेग जास्त दिसावा म्हणून पायलट कापायचा मोह होतोच. मला तो उद्योग पटत नाही. खवळलेल्या पाण्यात मी मजकूर कमी पाठवीन, पायलट कापणार नाही.