शॉक वेव्ह संगणकात पकडताना

शॉक वेव्हचं, म्हणजे जिथे वायूचा दाब, घनता आणि वेग एकदम उडी घेतात त्या लाटेचं, मॉडेल करायला घेतलं तेव्हा पहिली अडचण जाडीची होती. नेहमीच्या दाबाच्या हवेत जोरदार शॉकची जाडी मायक्रोमीटरहूनही कमी भरते. रेणूंच्या दोन टकरींमधल्या सरासरी अंतराच्या जेमतेम काही पट. माझ्या ग्रिडची (आकडेमोडीसाठी जागेचे तुकडे पाडणाऱ्या जाळीची) एक सेल होती मिलिमीटरची. म्हणजे शॉकच्या पोटात काय चाललंय ते मला दिसणारच नव्हतं. पण रँकिन (१८७०) आणि युगोनियो (१८८७) यांच्या सूत्रांना त्याची गरजच नसते. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च दोन्ही बाजूंना जुळला पाहिजे, बस्स. माख २ च्या (ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या) शॉकमागे हवेचा दाब साडेचार पट होतो, हे त्यातून कागदावर काही ओळींत निघतं.

वाचून हे कळलं होतं, पटलं मात्र बर्गर्सच्या समीकरणावर. शॉक निर्माण करणारं हे अगदी साधं समीकरण, त्यात फक्त वेग. डावीकडे वेग १, उजवीकडे ०, शॉक ०.५ वेगाने उजवीकडे सरकायला हवा. हे समीकरण दोन रूपांत लिहिता येतं आणि जिथे उत्तर सलग असतं तिथे दोन्ही एकच. मुद्दाम दोन्ही कोडमध्ये घालून पाहिली. 'वेग गुणिले वेगाचा उतार' या रूपात शॉक जागचा हललाच नाही! उजवीकडच्या सेलमध्ये वेग शून्य, म्हणून गुणाकार शून्य, म्हणून बदलही शून्य. ग्रिड कितीही बारीक करा, तो ढिम्म. दुसऱ्या रूपात एका सेलमधून जेवढं बाहेर पडतं तेवढंच शेजारच्या सेलमध्ये जमा होतं. तिथे तो अगदी जाडजूड ग्रिडवरही बरोबर वेगाने निघाला. (महामार्गावरच्या वाहतूक कोंडीची शेपटी मागे सरकते तिचं १९५५-५६ मधलं मॉडेलही याच घराण्यातलं. गाड्यांची संख्या जपली जाते, बाकी सगळं तसंच.)

मग वायूकडे वळलो. पहिली परीक्षा अर्थातच सॉडची शॉक ट्यूब, १९७८ ची, म्हणजे अचूक उत्तर आधीच माहीत असलेला नमुना प्रश्न. नळीची लांबी १. डावीकडे घनता १, दाब १; उजवीकडे घनता ०.१२५, दाब ०.१, मधला पडदा एकदम नाहीसा होतो. ०.२ एवढ्या काळानंतर शॉक ०.८५ च्या आसपास दिसला पाहिजे. लॅक्स-वेन्ड्रॉफ या दुसऱ्या दर्जाच्या पद्धतीत तो तिथे आला, पण मागे लाटांची रांग घेऊन. गोदुनोव्हच्या मूळ पद्धतीत लाटा नाहीत, पण सगळंच पसरट. यात मधला मार्ग सरळ निघत नाही, कारण नव्या लाटा न उठवणारी रेषीय (उत्तर कसंही असो, तेच ठरलेले गुणक वापरणारी) पद्धत पहिल्या दर्जाच्या अचूकतेपलीकडे (सेल निम्मी केली की चूक फक्त निम्मी) जाऊच शकत नाही, हे गोदुनोव्हने १९५९ मध्येच सिद्ध केलं होतं. पळवाट 'रेषीय' या शब्दात आहे. उतार पाहून स्वतःला आवरणारा लिमिटर बसवला आणि आलेख बराच सुधारला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मात्र शॉकने नाही, तर त्याच्या मागच्या संपर्क-पृष्ठाने, म्हणजे डावीकडचा आणि उजवीकडचा मूळ वायू जिथे भेटतात त्या सीमेने. तिथे दाब आणि वेग सारखेच, फक्त घनता बदलते. शॉकच्या दोन्ही बाजूंच्या लहरी त्याच्यातच येऊन मिळतात, त्यामुळे आकडेमोडीने तो विस्कटला तरी पुन्हा आवळला जातो. संपर्क-पृष्ठाला असं आवळणारं कोणी नाही. एकदा पसरलं की पसरतच जातं. त्यामुळे नवा कोड हाती आला की मी आता शॉकआधी तिथेच पाहतो.

मग फिलिप रो यांची १९८१ ची पद्धत घेतली, सेलच्या सीमेवरच्या प्रत्येक लहरीचा वेगळा हिशेब ठेवणारी. संपर्क-पृष्ठ छान धारदार आलं, पण तिला एन्ट्रॉपीचं, म्हणजे कोणता बदल निसर्गात उलट्या दिशेने होऊ शकत नाही याचं, भान नाही. वायू प्रसरण पावत ध्वनिवेग ओलांडतो त्या जागी ती खुशाल उलटा शॉक उभा करते, जो निसर्गात होत नाही. त्यावरची दुरुस्ती सोपी आहे आणि ती बसवणं भागच आहे.

द्विमितीत बोथट नाकापुढचा शॉक सोडवताना कार्बंकल नावाच्या आकडेमोडीतल्या दोषाने गाठलं. ग्रिडच्या रेषांना समांतर असलेल्या शॉकला मधोमध फोड यावा तसा बनावट उंचवटा आला, आणि ग्रिड बारीक केल्यावर तो आणखी ठळक झाला. धार जितकी चांगली तितका हा धोका जास्त. एचएलएल या जरा बोथट पद्धतीत तो येत नाही, पण ती संपर्क-पृष्ठ आणि भिंतीलगतचा थर दोन्ही फासून टाकते. सध्या मी दाबाच्या उडीवरून शॉक ओळखतो, त्याच्या आसपासच्या सेलमध्ये एचएलएल वापरतो आणि उरलेल्या ठिकाणी एचएलएलसी, म्हणजे संपर्क-पृष्ठ जपणारी तिचीच सुधारित आवृत्ती. किती मोठ्या उडीला शॉक म्हणायचं, तो आकडा अजूनही प्रत्येक प्रश्नाला हातानेच ठरवावा लागतो.