फाईल बरोबर होती, मेल गेली नाही

नवतपाचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे दिवस, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला एक कारखाना, आणि पहाटे सर्व्हर रूमचा एसी बंद. सकाळी ८ वाजता दार गरम लागलं म्हणून पहारेकऱ्याने फोन केला. पोचलो तोवर कुणीतरी भल्या मनाने दारात कूलर लावला होता. आधी तो काढला. घरात ठीक आहे, पण सर्व्हरला अशी ओलसर हवा नको.

सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी ॲश्रे ह्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. आमचा अलर्ट ३२ वर लावलेला. ग्राफाना ह्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पहाटे ४ वाजल्यापासून लाल दिसत होता, पण मेल एकालाही आली नव्हती.

ग्राफानाचा लॉग सांगत होता: एसएमटीपी (मेल पाठवण्याची व्यवस्था) कॉन्फिगर नाही, ग्राफाना डॉट आयएनआय ह्या सेटिंगच्या फाईलमधला एसएमटीपी विभाग तपासा. ह्या एका ओळीने आमचा तास खाल्ला. त्या विभागात खोट नव्हतीच. एनेबल्डपुढे ट्रू, होस्टपुढे ५८७ पोर्ट, आणि ओळीला टिप्पणी ठरवून निकामी करणारा सुरुवातीचा अर्धविरामही काढलेला. (व्हॅल्यू बदलायची आणि तो अर्धविराम तसाच ठेवायचा, ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.) तिघांनी फाईल वाचली, तिघांनीही बरोबर म्हटलं. चालू प्रोसेसला प्रत्यक्षात कोणती सेटिंग मिळाली आहे, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

ते पाहणं अवघड नाही. सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमसीटीएल कमांडकडून ग्राफानाच्या मुख्य प्रोसेसचा नंबर घ्यायचा, लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमध्ये त्या नंबरखालची एन्व्हायरन फाईल रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून वाचायची. त्यात प्रोसेसला सुरू होताना मिळालेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून दिलेली सेटिंग्ज, असतात. ओळी नसतात, दोन व्हेरिएबलांमध्ये शून्य बाइट असतो. टीआर कमांडने त्याजागी नवी ओळ घातली की यादी दिसते. यादीत होतं: जीएफ_एसएमटीपी_एनेबल्ड, फॉल्स.

जीएफ, मग विभाग, मग सेटिंगचं नाव, सगळं कॅपिटलमध्ये. अशा नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असलं की आयएनआयमध्ये काहीही लिहा, चालतं व्हेरिएबलचंच. ते आलं होतं इटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्राफाना-सर्व्हर फाईलमधून. सर्व्हर बदलताना जुना आणि नवा दोन्ही चालू होते, डबल मेल जाऊ नयेत म्हणून एकाने नव्यावर ते टाकलं होतं. पाऊल योग्यच होतं. शेजारी तारीख आणि कारण लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही, आणि तिथेच घात झाला.

ओळ काढली, सर्व्हिस रीस्टार्ट केली. ही फाईल सर्व्हिस सुरू होतानाच वाचली जाते, सर्व्हिस चालूच ठेवून नुसत्या डेमन-रीलोड कमांडने काही होत नाही. काँटॅक्ट पॉइंटवरून (अलर्ट कुणाला पाठवायचा ती ग्राफानातली नोंद) टेस्ट मेल पाठवली, तर ५३५, लॉगिन नाकारलं. मधल्या काळात मेलचा पासवर्ड बदलला होता आणि नव्यात हॅशचं चिन्ह होतं. आयएनआयमध्ये हॅश किंवा अर्धविराम असलेला पासवर्ड तिहेरी दुहेरी-अवतरणांत ठेवावा लागतो, नाहीतर चिन्हापुढचं सगळं टिप्पणी समजलं जातं. मेल बंदच असल्यामुळे ही दुसरी चूक पहिलीच्या आड लपून राहिली होती.

आता अलर्टचा एक नियम मुद्दाम कायम लाल ठेवलाय, रिपीट इंटरव्हल, म्हणजे पुन्हा मेल पाठवण्याचं अंतर, २४ तास. त्याची मेल रोज आली म्हणजे वाट मोकळी आहे. रविवारी ती आली नाही तर कोणाच्या लक्षात येईल, हे अजून ठरलेलं नाही.