पाय धुऊन घेताना

पवित्र गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आज चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्या बारा जणांत माझं नाव होतं. दुपारी न्हाणीघरात बसून वजरीने टाचा घासत होते, तर आई पलंगावरून म्हणाली, "फादर धुणारच आहेत ना, मग तू कशाला धुतेस?" खरं आहे. पण भेगाळलेल्या टाचा घेऊन अख्ख्या धर्मग्रामासमोर, म्हणजे आमच्या चर्चच्या सगळ्या लोकांसमोर, बसायचं धाडस माझ्यात नाही.

या बारांत नियमाने फक्त पुरुष असायचे. पोप फ्रान्सिस २०१३ साली रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले, तिथे मुलींचेही पाय धुतले, मुसलमानांचेही. २०१६ साली नियमच बदलला. म्हणून मी त्या बाकावर.

डोक्यात मात्र रविवारपासून एकच शब्द घोळतोय. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं दुसरं वाचन माझ्याकडे होतं. दरवर्षी तेच असतं, प्रेषित पौलाने फिलिप्पी शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र, दुसरा अध्याय. त्यात ख्रिस्ताने स्वतःला 'रिक्त' केलं असं येतं. रिक्त म्हटलं की मला आमच्या बँकेतली रिक्त पदांची यादी आठवते, काय करणार! मूळ ग्रीक क्रियापद 'एकेनोसेन', त्यावरून धर्मपंडितांचं 'केनोसिस'. भांडं पालथं करून रिकामं करावं, तसं.

पण रिकामं केलं म्हणजे ओतलं काय? एकोणिसाव्या शतकात एर्लांगेनच्या थोमासियुस नावाच्या जर्मन पंडिताने याचा सरळ हिशोब मांडला: सर्वशक्ती, सर्वज्ञता, सर्वव्यापकता बाजूला ठेवली, प्रेम आणि पावित्र्य राखलं. जगाच्या शेवटच्या त्या दिवसाविषयी पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, ठाऊक नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानात येशूच म्हणतो. ते या हिशोबात चपखल बसतं. मग लोकांनी विचारलं, बाळ गोठ्यात निजलेलं असताना विश्व कोण चालवत होतं? प्रश्न रास्त आहे. ४५१ सालच्या खाल्केदोनच्या धर्मपरिषदेचं म्हणणं तर असं की, ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, कशातच उणा नाही.

मला पौलाचं वाक्यच जास्त आवडतं. रिक्त केलं, ते कसं? दासाचं रूप घेऊन. म्हणजे वजाबाकी केली ती बेरीज करून. असा ताळेबंद आमच्याकडे कुणी पास करणार नाही.

आणि हे लिहिलं कुणाला, तर फिलिप्पीकरांना! ती रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली. नागरिकत्वाचा कोण अभिमान. त्याच गावात पौलाला फटके मारून तुरुंगात टाकलं होतं, आणि हा स्वतःच रोमन नागरिक निघाल्यावर अधिकाऱ्यांची गाळण उडाली होती. अशा लोकांना हा तुरुंगातून लिहितो की, आपला प्रभू दास झाला आणि क्रूसावर, म्हणजे दासांना देतात त्या शिक्षेने, मेला.

माझं भांडण इथेच सुरू होतं. लग्नाआधीच्या शिबिरात एका प्रवचनकारांनी हेच वचन आम्हा मुलींकडे बघून समजावलं होतं: स्वतःला रिक्त करा, संसार टिकतो. मुलगे शेजारीच बसले होते, त्यांच्याकडे मान वळली नाही. तेव्हा मला आई दिसली. पहाटेच्या लोकलने भाजीच्या पाट्या घेऊन दादर, दुपारी परत, मग वाडीत पाणी, मग चूल. तिने कुठलं भांडं पालथं करायचं होतं? पौलाचं स्तोत्र सुरू होतं तेच मुळी 'देवाच्या स्वरूपाचा असूनही' असं. आधी भरलेलं होतं, हातात होतं, आणि कुणी हिसकावलं नाही, त्याने आपणहून सोडलं. ज्याच्याकडून काढूनच घेतलंय, त्याला रिक्त व्हायला सांगणं ही निव्वळ थट्टा. हे त्या दिवशी उठून बोलले नाही, याची अजून चुटपुट आहे.

आज फादरांनी वरचा झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला. योहानाने शुभवर्तमानात लिहिलंय तसंच, आधी वस्त्र उतरवणं. माझ्यासमोर गुडघे टेकताना त्यांचा एक गुडघा कटकन वाजला, माइकमधून ऐकू गेला असेल. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. तांब्याने पाणी घातलं आणि माझी बोटं आपोआप आत वळली. पाय मागे घ्यावासा वाटला. 'तू माझे पाय कधीच धुणार नाहीस' हे येशूला त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, ते बोलणं मी आजवर विनय समजत होते. विनय कसला, अंगावर शहारा येतो. द्यायची सवय असते आपल्याला, किंवा मागायची. हे तिसरंच.

मिस्साच्या उपासनेनंतर वेदीवरची वस्त्रं काढली, मेणबत्त्या नेल्या. पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, दुसरीकडे नेल्यावर मुख्य वेदीमागच्या मंजूषेचा, ती ठेवायच्या पेटीचा, दरवाजा उघडाच ठेवतात. आत काही नसतं. बराच वेळ तिकडेच बघत होते.

घरी आले तर आई जागीच.

"पाणी गार होतं?"

"कोमट."

"मग बरं," म्हणाली आणि कुशीवर वळली.