णव म्हटलं की क्लिक

२००१च्या गणेशचवथीला आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी माणसं एकवीस होती आणि कॉम्प्युटर एक. तो मागच्या खोलीत, तांदळाच्या पिंपाशेजारी. मॉनिटरवर आईने स्वतः विणलेला रुमाल. काका नुकतेच बोटीवरून उतरले होते आणि त्यांनी दादासाठी, म्हणजे माझ्या चुलतभावासाठी, सिंगापूरहून एका कॉम्प्युटर खेळाची सीडी आणली होती: ‘स्टार ट्रेक: अवे टीम’. दादा पंधराचा, मी बाराची. आरती झाली की नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ताटली उचलायची आणि मागच्या खोलीत पळायचं.

खेळ त्याच वर्षी आलेला. रिफ्लेक्सिव्ह एंटरटेनमेंटने बनवला, ॲक्टिव्हिजनने बाजारात आणला. वरून तिरकं दिसणारं मैदान, त्यात आपली चार-पाच माणसं आणि सगळीकडे पहारा. दणादण गोळ्या झाडत सुटलात की संपलात. पहारेकरी कुठे बघतो, कधी वळतो, कुठे थांबतो हे पाहायचं आणि त्याची पाठ फिरली की पुढे सरकायचं. या जातीचे खेळ लोकांना माहीत झाले ते १९९८च्या ‘कमांडोज’मुळे, स्पेनच्या पायरो स्टुडिओजच्या. त्यात पहारेकऱ्याची नजर हिरव्या पट्ट्यासारखी जमिनीवर दिसायची. जवळचा भाग फिकट, लांबचा गडद. गडद भागातून सरपटत गेलं तर तो बघत नसे. दादाच्या एका मित्राकडे तो खेळ होता, त्यामुळे दादाचा हात तयार होता. माझा नव्हता.

म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. माऊस दादाकडे, डोळे माझे. एक प्रसंग अजून जसाच्या तसा आठवतो. भिंतीच्या कडेने एक पहारेकरी चालायचा, टोकाला जाऊन उभा राहायचा, मग मागे वळायचा. तो उभा राहिला की मी मोजायला, कोंकणीत म्हणायचं तर ‘मेजायला’, लागायचे, घरातल्या कोंकणीत: एक, दोन, तीन, चार, पांच, स, सात, आठ, णव. णव म्हटलं की दादाने क्लिक करायचं. आठाला केलं तर तो बघायचा. दहा झाले तर दुसरा पहारेकरी कोपऱ्यावरून यायचा. आम्ही दोन संध्याकाळी त्या एका भिंतीशी घालवल्या. दादाचं बोट माऊसवर अधीर व्हायचं आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणायचे, ‘‘राव, राव!’’ थांब, थांब. बाराव्या वर्षी मोठा भाऊ आपलं ऐकतो म्हणजे काय, हे ज्या धाकट्या बहिणींना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही भिंत ओलांडली, पलीकडच्या दोघांना फेझरने, म्हणजे किरणांच्या बंदुकीने, बेशुद्ध केलं, दारापर्यंत पोचलो आणि वीज गेली. सेव्ह करायचं राहिलं होतं. बाहेर धो धो पाऊस, ओसरीवर समईच्या उजेडात मोठी माणसं फुगडीची गाणी म्हणत होती आणि मी पिंपाशी बसून रडत होते. दादा काही बोलला नाही. त्याने उरलेली नेवरी मोडून मोठा तुकडा मला दिला.

खेळ ज्या ‘स्टार ट्रेक’वरून केला, ती अंतराळप्रवासाची मालिका आम्ही केबलवर पाहिलेली होती, त्यातली ‘नेक्स्ट जनरेशन’. ती पाहिली असल्यामुळेच मला हा खेळ इतका पटला, असं आज वाटतं. १९६६पासूनच्या स्टार ट्रेकमध्ये अनोळखी ग्रहावर उतरते ती तुकडी असते. एक डॉक्टर, एक इंजिनिअर, एक विज्ञान जाणणारा, एक सुरक्षेचा. प्रत्येकाला वेगळं काही येतं आणि एकट्या कुणाचंच भागत नाही. शस्त्र असतं, पण ते आधी बेशुद्ध करण्यावर लावलेलं असतं. हे सगळं बंदुकीच्या खेळात कसं आणणार? स्टार ट्रेकचाच २०००चा ‘एलिट फोर्स’ हा खेळ मी नंतर खेळले. रेव्हन या कंपनीने फार ताकदीने केलेला आहे, ‘व्हॉयेजर’ मालिकेचं जहाज आतून हिंडता येतं, ते मला मनापासून आवडलं. पण हातात बंदूक आणि समोर शत्रू हे तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत. २००२च्या ‘ब्रिज कमांडर’मध्ये कॅप्टनच्या खुर्चीत बसता येतं, तेही सुंदरच. तरी ग्रहावर दबक्या पावलांनी उतरणारी ती तुकडी मला ‘अवे टीम’मध्येच भेटली.

आणखी एक बारकावा मला आत्ता आत्ता कळला. खेळातलं जहाज आहे यूएसएस इनकर्जन. ते अदृश्य होत नाही. होलोग्रामने दुसऱ्या जहाजाचं सोंग घेतं. लहानपणी वाटायचं, सरळ अदृश्य का नाही होत? ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९९४च्या ‘पेगासस’ या भागात उत्तर आहे: रोम्युलन या शत्रूंशी झालेल्या करारानुसार फेडरेशनला, म्हणजे मालिकेतल्या नायकांच्या बाजूला, जहाज लपवणारं यंत्र बनवायला मनाई. खेळ करणाऱ्यांनी तो करार डोक्यात ठेवूनच सोंगाची युक्ती काढली असेल, असं मी धरून चालले आहे. मालिकेवर जीव असलेल्या माणसांचंच हे काम. ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या डेटा आणि वर्फ या पात्रांचे आवाजही, मालिकेत ती भूमिका करणाऱ्या ब्रेंट स्पायनर आणि मायकल डॉर्न यांनी स्वतः दिले आहेत. पहिल्यांदा वर्फ बोलला तेव्हा दादा खुर्चीवरून उठून उभा राहिला होता.

२०२१ साली हा खेळ जीओजी या खेळ विकणाऱ्या वेबसाइटवर पुन्हा विकायला आला. मी तो या पावसाळ्यात घेतला. पणजीहून ऑफिस सुटल्यावर कदंबाच्या बसने घरी येते, जेवण आवरते आणि लॅपटॉप घेऊन त्याच मागच्या खोलीत बसते. पींप आता स्टीलचं आहे. चित्रं जुनी दिसतात, माणसं अंगठ्याएवढी, पण भिंतीशी उभं राहून वाट बघताना छाती अजून धडधडते.

दादाही काकांसारखाच बोटीवर आहे, सहा-सहा महिने. जूनमध्ये मी एका ठिकाणी अडकले तेव्हा सेव्हची फाइल त्याला ईमेलने पाठवली. चार दिवसांनी परत आली, पुढचा कोपरा ओलांडलेली. तेव्हापासून हे चालू आहे: एक कोपरा मी, एक कोपरा तो. पूर्वी तो माऊस धरायचा आणि मी मोजायचे. आता दोघांनाही दोन्ही करावं लागतं, आणि त्याची पाळी असते तेव्हा मी इथे कामाच्या मधेच घड्याळ बघते, तिथे आता किती वाजले असतील म्हणून.

काल रात्री फाइल आली. सोबत एकच ओळ होती: ‘‘दारांत दोगजाण आसात. णव मेज.’’