गच्चीवरचा हिशेब
आजचा अख्खा रविवार गच्चीवर गेला. सोलर पॅनेल्सचं कोटेशन देणारे थेट पाच किलोवॉट सांगून गेले होते, मन मानेना. वर्षभराची वीजबिलं काढली. मे महिन्यात 410 युनिट, जानेवारीत 190, बारा महिन्यांची सरासरी 290. एक किलोवॉट सोलर आपल्याकडे दिवसाला साधारण 4 युनिट देतं, म्हणजे महिन्याला 120. भागाकार केला, अडीच किलोवॉटही लागत नाही! 540 वॅटची पाच पॅनेल्स पुरेशी.

पण खरी मेहनत सावलीची. नऊ, बारा आणि चार वाजता टाकीची सावली खडूने आखली. जोडलेल्या ओळीतल्या एका पॅनेलवर सावली आली तरी बाकीच्यांची वीजही घटू शकते. त्यात हिवाळ्यात सावल्या आणखी लांबतात. आईची वाळवणाची जागा मात्र मी आधीच बाजूला काढली, तिथे काहीही बसणार नाही.

सहावं पॅनेल घ्यावं असं आता वाटतंय. 3 किलोवॉट किंवा त्याच्या पुढे गेलं की घरावरच्या सोलरसाठी असलेल्या केंद्राच्या पीएम सूर्य घर योजनेचं पूर्ण 78,000 रुपये अनुदान मिळतं, आणि बाबांच्या खोलीत यंदा एसी लावायचाच आहे.

तुमच्याकडे पावसाळ्यात किती युनिट बनतात? आकडे असतील तर नक्की सांगा.