केपवाल्यांच्या पडवीत बोअर युद्ध

खेड तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या आमच्या गावात, एका दुपाखी घराला आजही 'केपवाल्यांचे घर' म्हणतात. रत्नागिरी आणि रायगडमधील कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले. शेजारच्या चाचांचे आजोबा त्यांच्यापैकीच एक. फरक एवढाच की ते आधी जोहान्सबर्गला गेले, तेथे त्यांनी किराणा मालाचे छोटे दुकान काढले आणि केपला ते नंतर, नाइलाजाने आले. यंदाच्या मे महिन्यात चाचांचे सत्तरीचे चुलतभाऊ केपटाऊनहून आले होते. पडवीत फणसाचे गरे खात बसले असता गावामागच्या सड्यावरील टेकाडाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "ती कोपी उतरली की पलीकडे काय लागते?" दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या बोअरांच्या भाषेत 'कोपी' म्हणजे लहान टेकडी. हा शब्द मी आजवर केवळ लढायांच्या वर्णनांत वाचला होता. तो गऱ्यांच्या ताटासमोर कानावर पडेल अशी कल्पना नव्हती.

बोअर युद्धाशी माझी ओळख शाळेत झाली, तीही पाठ्यपुस्तकाबाहेर. आमच्या गुरुजींच्या लेखी बोअर म्हणजे आफ्रिकेतले मावळेच होते. मुख्यतः डच वंशाचे हे शेतकरी ऑक्टोबर १८९९ मध्ये इंग्रजांशी भिडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, एका आठवड्याच्या आत, स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्झो येथे त्यांनी बलाढ्य साम्राज्याला धूळ चारली. पुढे १९०० साली ऑरेंज फ्री स्टेट आणि ट्रान्सवाल या बोअर प्रजासत्ताकांच्या ब्लूमफाँटेन आणि प्रिटोरिया या राजधान्या पडल्यावरही डी वेट, डी ला रे यांच्यासारख्या सेनानींनी आणखी जवळजवळ दोन वर्षे गनिमी कावा लढवला. असे असताना मराठी मनाला ते आपले वाटले नसते तरच नवल. महाडला जन्मलेल्या शिवराम महादेव परांजपे यांनी 'काळ' साप्ताहिक सुरू केले ते १८९८ साली, आणि पाठोपाठ हे युद्ध पेटले. इंग्रजाला कोणीतरी हरवू शकतो ही वार्ता त्या पिढीला किती गोड लागली असेल, हे समजण्यास फार इतिहास वाचावा लागत नाही.

गुरुजींचे वर्णन रंगत असे ते स्पियन कॉपपाशी. लेडीस्मिथमध्ये अडकलेल्या इंग्रजी फौजेभोवतीचा बोअरांचा वेढा फोडण्यासाठी इंग्रजी सैन्य २३ जानेवारी १९०० च्या रात्री हा डोंगर चढले, पहाटेच्या दाट धुक्यात त्यांनी वर खंदक खणला आणि धुके विरल्यावर त्यांच्या लक्षात आले की खंदक चुकीच्या जागी आहे आणि भोवतालच्या उंचवट्यांवरून बोअर त्यांना सहज टिपू शकतात. शिवाय खाली खडक लागल्याने तो खंदक धड गुडघाभरही खोल गेला नव्हता. सड्यावरच्या कातळात पहारीने कलमाचे खड्डे मी स्वतः मारले आहेत. दिवसभराच्या घामानंतर हाती येते ती वीतभर खोली आणि तळहातावरचे फोड. त्या उथळ चरात, डोक्यावर तोफगोळे पडत असताना, दिवसभर पडून राहणे म्हणजे काय असेल, हे कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. याच रणभूमीवरून जखमींना डोल्यांत घालून मैलोन्मैल वाहून नेणाऱ्या सुमारे ११०० हिंदी स्वयंसेवकांत गांधी होते, आणि समोरच्या बोअरांचा सेनापती होता लुई बोथा. ही दोन नावे पुढे पुन्हा एकमेकांसमोर येणार होती.

मात्र गुरुजींनी जे सांगितले नाही ते चाचांच्या घरात सर्वांना ठाऊक होते. सोन्याच्या खाणींमुळे १८८६ नंतर, जोहान्सबर्ग ज्यात येते त्या ट्रान्सवालमध्ये लोटलेल्या गोऱ्या परक्यांना मतदानाचा हक्क मिळावा, हे इंग्रजांनी युद्धासाठी पुढे केलेले कारण. परंतु आमच्या माणसांच्या हक्काचे काय? बोअर सरकारच्या १८८५ च्या तिसऱ्या कायद्यानुसार आशियाई माणसाला तेथे नागरिकत्व मिळू शकत नव्हते, नेमून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घेता येत नव्हती आणि व्यापारासाठी राहावयाचे तर नोंदणीचे तीन पौंड भरावे लागत. ऑरेंज फ्री स्टेटने तर हिंदी व्यापाऱ्यांना हाकलूनच दिले. ज्यांना आम्ही इकडे मावळे म्हणत होतो, त्यांच्या राज्यात आमच्याच तालुक्यातला दुकानदार असा राहत होता. गांधींची सहानुभूती बोअरांकडे होती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही ते इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, कारण ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागायचे तर त्या नात्याचे कर्तव्यही केले पाहिजे, असे त्यांना तेव्हा वाटत होते.

युद्धाच्या तोंडावर आजोबा इतर हजारोंप्रमाणे कोळशाच्या उघड्या डब्यातून जोहान्सबर्ग सोडून निघाले. मालावर पाणी सोडावे लागले. सोबत आले ते तराजूचे दोन पौंडांचे पितळी वजन. ते आज चाचींच्या लोणच्याच्या बरणीवर दाबण म्हणून बसलेले असते.

बोअरांच्या वाट्याला जे आले ते मी कमी लेखत नाही. इंग्रज सेनापती किचनरने शेते जाळली, बायकामुलांना छावण्यांत कोंडले, आणि तेथे सुमारे २७ हजार जीव गेले, त्यांत बहुसंख्य मुले. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तेथेही हजारोंनी माणसे मेली आणि त्यांची मोजदाद धड कोणी केली नाही. पकडलेल्या बोअरांपैकी कित्येक हजार हिंदुस्थानात आणले गेले, काही तर आपल्या अहमदनगरला.

३१ मे १९०२ रोजी तह झाला आणि बोअरांची राज्ये इंग्रजांकडे गेली. त्यानंतर दोन शत्रूंचे कोणत्या गोष्टीवर एकमत झाले, हे पाहण्यासारखे आहे. काळ्यांना मताधिकार द्यावा की नाही, हा प्रश्न स्वराज्य मिळेपर्यंत पुढे ढकलण्याचे कलम तहातच होते. हिंदी माणसाला दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्यास लावणारा वटहुकूम १९०६ साली इंग्रजी अमलाखाली आला. लंडनने तो अडवला. मात्र पुढच्याच वर्षी ट्रान्सवालला स्वराज्य मिळून बोथा पंतप्रधान झाला आणि तोच कायदा मंजूर झाला. डोल्या वाहणारे गांधी त्याच कायद्यापायी १९०८ च्या जानेवारीत तुरुंगात गेले.

आजोबा जोहान्सबर्गला परतले नाहीत. केपला फळांची गाडी लावून त्यांनी जे कमावले त्यातून गावातल्या घराचे चिरेबंदी जोते उभे राहिले. मी पाहुण्यांना विचारले, "त्यांना त्या वेळी कोण जिंकावे असे वाटत होते?" पाहुण्यांनी हात धुतले, चाचींनी बरणीवरून उचलून ठेवलेले ते वजन हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "दादांची उधारी दोन्हीकडे होती. दोघांनीही बुडवली."