थेंब कुठून पडतोय, हे विचारणारा एकच निघाला

खालच्या मजल्यावरच्या काकू एके दिवशी वर आल्या आणि मला दंडाला धरूनच खाली घेऊन गेल्या. त्यांच्या बाथरूमच्या छतावर ताटाएवढा पिवळट डाग पडला होता. मधोमध रंगाचा पापुद्रा सुटलेला, आणि त्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. "गेल्या महिन्यात बशीएवढा होता," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पुढच्या महिन्यात चढेल हे कळत होतं.

कंत्राटदार म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम दिलं होतं तेव्हा एका ओळीच्या कोटेशनवर मी 60 टक्के अ‍ॅडव्हान्स देऊन बसले होते. 'ओटा नवीन करणे, मटेरिअलसह'. बस्स, एवढंच. फोडाफोड झाली, सिमेंटच्या चार गोण्या येऊन पडल्या आणि मग माणूस फोनच उचलेना. आला तेव्हा म्हणाला, "ताई, सिंकची लाइन यात धरलेली नव्हती." आणि खरंच, त्या ओळीत काहीच धरलेलं नव्हतं. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

म्हणून या वेळी नावं गोळा करतानाच पद्धत बदलली. ओळखीच्यांना विचारलं की सगळे "चांगलं करतो हो" म्हणतात. टाइल्स चकचकीत दिसल्या की काम चांगलं, अशी आपली समज. मी हार्डवेअरच्या दुकानदाराला जाऊन वेगळाच प्रश्न विचारला: तुमची उधारी वेळेवर कोण चुकवतं? तो हसला, पण दोन नावं दिली. ज्याच्याकडे दुकानदाराची बाकी तुंबलेली असते, तो आपल्या अ‍ॅडव्हान्समधून आधीच्या कोणाचं तरी काम पुरं करत असतो, हे मी ओट्याच्या वेळी शिकले होते. तिसरं नाव ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलं.

पहिला आला तो बाथरूमच्या दारातच उभा राहिला. एका हातात फोन. "सगळं फोडून नवीन करून टाकू." संध्याकाळी मेसेजवर आकडा आला, पुन्हा एका ओळीत. दुसरा जरा बोलका होता. त्याच्या मते फोडायची काही गरजच नव्हती. टाइल्सच्या सांध्यांत केमिकल भरायचं की झालं, 10 वर्षांची गॅरंटी. गॅरंटी कसली आणि लेखी देणार का, असं विचारलं तर म्हणाला, "माझा शब्द आहे ना, वहिनी!"

तिसरे साधारण पन्नाशीचे, खांद्याला पिशवी. आमचं बाथरूम बघायच्या आधी ते खाली काकूंकडे गेले, स्टुलावर चढून डाग हाताने चाचपला आणि वर येऊन मला विचारलं, "हा वाढतो कधी? अंघोळी झाल्यावर, की दिवसभर सारखाच असतो?"

मला सांगता येईना. गळतीचं कारण शोधायला हवं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, मग बाकीच्या दोघांना नावं कशाला ठेवायची!

आम्ही तसेही दोन दिवस बाहेर जाणार होतो. मिस्त्रीकाका म्हणाले, "जाताना मेन कॉक बंद करू नका. उघडाच ठेवा." नळाच्या लाइनमध्ये पाणी कायम दाबाखाली असतं, ती फुटली असेल तर घरात कोणी असो-नसो, गळत राहणार. सांडपाण्याची लाइन किंवा जमीन गळत असेल तर वापर थांबल्यावर डाग सुकायला लागेल. परत आलो तर काकू दारातच. डाग कडेने सुकला होता.

मग मिस्त्रीकाकांनी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी जिथून पाइपात जातं त्या जाळीखालच्या भांड्यात, फडक्याचा बोळा घट्ट बसवला, जमिनीवर दोन इंच पाणी साठवलं आणि त्यात रंग कालवला. 24 तास खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी बोळा काढला, सगळं पाणी एकदम नहाणीत गेलं आणि अर्ध्या तासात काकूंच्या छतावर गुलाबी थेंब आला. दोष जमिनीत नव्हता, ट्रॅप आणि पाइपच्या जोडात होता. काकूंनी तो थेंब बोटावर घेऊन मला दाखवला, जसं काही पुरावाच.

या तपासणीचे पैसे मी वेगळे दिले. त्यांनी मागितले होते, आणि मला ते आवडलं. फुकट बघायला येणारा माणूस पुढचं काम गळ्यात मारूनच ती खेप वसूल करतो.

त्यांचं कोटेशन दोन भागांत आलं. पहिल्यात गरजेचं काम: नहाणीभोवतीचा दोन फुटांचा चौकोन फोडणं, नवा ट्रॅप, जोड, तेवढ्याच भागाचं वॉटरप्रूफिंग. दुसऱ्यात हौसेचं: सगळी जमीन काढून नवा कोबा, पूर्ण वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स. "आज पहिलं केलंत तरी खाली गळणार नाही," असं त्यांनी स्वतःच सांगितलं. जुन्या टाइल्सना मी आधीच कंटाळले होते, म्हणून दोन्ही करायचं ठरवलं. पण ते माझ्या हौसेखातर, कोणाच्या भीतीने नाही.

आकडा मात्र तिघांत यांचाच मोठा होता. मी पहिल्याला फोन करून एकेक विचारत गेले. मलबा खाली कोण नेणार? तुम्ही. वॉटरप्रूफिंगचे कोट किती? एक. भिंतीवर किती उंच? तिथे शांतता. टाइल्सच्या मापात दाराची जागा वजा केली आहे का? नाही. सगळं सारखं धरून मांडलं तेव्हा फरक इतका थोडा उरला की मलाच माझ्या आधीच्या हिशेबाची लाज वाटली.

तरीही त्यांची दोन कामं जाऊन पाहिली. एक तीन वर्षं जुनं, कारण नवं बाथरूम कुणाचंही चांगलंच दिसतं. तिथल्या बाईंना "काम कसं झालं" असं न विचारता "नंतर काही बिघडलं का आणि बोलावल्यावर आले का" असं विचारलं. एकदा नळामागची टाइल तडकली होती. आले, पण चौथ्या फोननंतर. हे उत्तर मला निव्वळ कौतुकापेक्षा खरं वाटलं. दुसरं काम चालू होतं. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर नव्हत्या, फळ्यांवर रचलेल्या होत्या, भिंतीला न चिकटवता. उघड्या पाइपांची तोंडं बुचांनी बंद होती. पाइपात एकदा सिमेंट-वाळूचा मसाला पडला की पुढे तुंबण्याचं निमित्त कायमचं.

करार दोन पानी झाला. मापं, मटेरिअलची नावं, कामाचा क्रम. वाढीव काम निघालं तर आधी दर मेसेजवर, मगच हात लावायचा. सुरुवातीला 10 टक्के, पुढचे हप्ते तारखेवर नाहीत, टप्प्यावर. शेवटचे 10 टक्के तीन महिन्यांनी. यावर ते खूप कुरकुरले. "ताई, इतक्या वर्षांत असं कोणी अडकवून ठेवलं नाही." मी ओट्याची गोष्ट सांगितली. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "लिहा."

काम नऊ दिवस उशिरा संपलं. टाइल्सवाला कारागीर मध्येच गावी गेला, आणि ते दिवस मी शेजारी अंघोळीला जाऊन काढले. पण टाइल्स लावायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून 48 तास ठेवलं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ ओढली, आणि काकू टॉर्च घेऊन सकाळ-संध्याकाळ छत पाहत होत्या. तो हप्ता काकूंनी "कोरडं" म्हटल्यावरच दिला. जमिनीचा उतार मिस्त्रीकाकांनी माझ्यासमोर मोजला, दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर.

तीन महिन्यांनी उरलेले पैसे न्यायला आले. मी नाणं घेऊन टाइल्स ठोकत बसले होते. भरीव, भरीव, आणि कमोडच्या मागच्या कोपऱ्यात एक पोकळ वाजली.

"तिथे कोण बघतंय, ताई!"

मी नाणं पुन्हा वाजवलं. त्यांनी कान दिला, जरा वेळ गप्प राहिले, मग पिशवीतून पेन्सिल काढून त्या टाइलवर फुली मारली आणि पैसे न घेताच खाली उतरले. माणूस आला, पण तिसऱ्या फोननंतर.